हेडफोनला परखी कशी मारावी

गोंदियात धान घेणारा माणूस पोत्यावर काय लिहिलंय ते वाचत नाही. तो परखी मारतो. परखी म्हणजे टोकदार, पन्हाळीसारखी पोकळ लोखंडी सळई. ती कट्ट्याच्या, म्हणजे पोत्याच्या, कुशीत खुपसायची आणि ओढायची, की मूठभर धान तळहातावर येतं. ते दोन तळव्यांत रगडायचं, फुंकर मारून टरफल उडवायचं आणि उरलेला एक दाणा दाढेखाली धरायचा. 'कट्' वाजलं तर माल सुका. 'चप' झालं तर ओला, भाव पाडा. सरकारी खरेदीत 17 टक्के ओलावा चालतो आणि तो मोजायला आता मीटर आहेत. पण आमच्या मिलचे दिवाणजी चाळीस वर्षं तो दाढेनेच मोजत आले. मीटर त्यांच्या लेखी नुसतं पोरासोरांची समजूत घालायला ठेवलेलं.

हेडफोनच्या खोक्यात परखी खुपसता येत नाही, ही खरेदीदाराची पहिली अडचण. दुसरी अडचण म्हणजे भाचा. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने मागच्या दिवाळीत मला पटवलं, की मामा, आता साधे हेडफोन कोणी घेत नाही, आता तुमच्या कानाच्या मापाचा आवाज मिळतो. मापाचं धोतर ऐकलं होतं, मापाचा आवाज नवीन होता. घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष किती आणि माझ्या कानाचा किती, याचा निवाडा अजून व्हायचाय. वर्षभराच्या अनुभवातून तयार झालेली पारख मात्र गरजूंसाठी देतो.

सुरुवात कानाच्या मोजणीपासून करावी. हे मापाचे हेडफोन कानाला काही विचारत बसत नाहीत, परस्पर पंचनामा करतात. कानात बारीक आवाज सोडला, की आतला शंखासारखा भाग त्याला उत्तर म्हणून स्वतःच एक अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. डेव्हिड केम्प नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1978 साली हे दाखवून दिलं आणि तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे आज दवाखान्यात याच युक्तीने तपासतात. बाळ बोलत नसलं तरी त्याचा कान बोलतो. मेलबर्नच्या नुरा कंपनीने 2017 मध्ये हीच युक्ती हेडफोनात घातली, पुढे 2023 मध्ये डेनॉनने त्याच तंत्राचे पर्ल नावाचे इअरबड काढले. कुठल्या सुराला कान जोरात उत्तर देतो आणि कुठे मुका राहतो ते यंत्र टिपतं, आणि जिथे तुम्ही कमी पडता तिथे गाणं वाढवून वाढतं. पंगतीत आग्रह करणाऱ्या मामीसारखं.

आता या मोजणीला अट एकच : शांत जागा हवी. मोबाइलवर सूचना येते, 'कृपया शांत ठिकाणी जा.' सूचना लिहिणारा गोंदियाला आलेला नसावा. घर रुळाजवळ आहे. हावडा-मुंबईची मुख्य लाइन, शिवाय बालाघाटची आणि बल्लारशाची. एका दिशेची गाडी गेली की दुसरीची शिट्टी. गच्चीवर गेलो तर शेजारी लग्नाची हळद. पहाटे चारला उठलो तर आईची काकड आरती. मिनिटभराची मोजणी तीन दिवस झाली नाही. शेवटी जागा सापडली ती गोदामात. धानाच्या कट्ट्यांच्या दोन थप्प्यांमध्ये माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट असते. तागाचं पोतं आणि आतलं धान आवाज असा गिळतात, की बाहेर मिल चालू असली तरी आत स्वतःचा श्वास ऐकू येतो. मुंबईचे लोक यासाठी भिंतीला स्पंज लावतात म्हणे. मी हेडफोन चढवला, डोळे मिटले, कानात किडे बोलावेत तसे सूर सुरू झाले, आणि उंदीर कट्टा कुरतडायला लागला. मोजणी रद्द. दुसऱ्या खेपेला माझ्या पोटातून आवाज आला. तिसऱ्या खेपेला जमली.

निकाल एका रंगीत आकृतीत येतो, पोलक्याच्या बाहीवर चहा सांडावा तशी दिसते. तिचा अर्थ एवढाच होता, की वीस वर्षं मिलमध्ये काढल्याने माझ्या कानाची वरची बाजू, म्हणजे झांजेची, घुंगराची, शिट्टीची, बरीच झिजली आहे. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो असं पुस्तकात असतं, पण ते कोऱ्या कानाचं माप. वय आणि गोंगाट दोन्ही आधी वरूनच खातात. यंत्राने ते ओळखलं आणि वरचे सूर चढवून दिले. मी जुनी लता ऐकली आणि खरं सांगतो, मागच्या सतारीची तार मला कैक वर्षांनी वेगळी ऐकू आली. इथवर पैसे वसूल.

मग हिने हेडफोन घेतला. माझ्याच खात्यावर, कारण नवं खातं उघडायला परत गोदामात जावं लागलं असतं. दहा सेकंदांत काढून फेकला. "अहो, हे गाणं आहे का काय? कानात नुसत्या शिट्ट्या वाजून राहिल्या!" बरोबरच होतं. माझ्या झिजेला भरलेलं ठिगळ तिच्या धडधाकट कानाला टोचणारच. म्हणजे मापाचा हेडफोन उसना देता येत नाही. आमच्याकडे उसना दोन प्रकारचा, एक तांदूळ, धान उकडून काढलेला, आणि दुसरी बाकी सगळी वस्तू : शिडी, मोटरसायकल, कढई, जावई. जी वस्तू उसनी जाऊ शकत नाही तिची शेजारात किंमत शून्य, घरात मात्र दुप्पट. ज्याचे मेहुणे दोनपेक्षा जास्त आहेत, त्याने मापाचाच घ्यावा.

आरामाची परीक्षा दुकानातल्या एसीत करू नये. तिथे सगळेच हेडफोन मऊ असतात. वजन आधी पाहावं : सोनीचा डब्ल्यूएच-1000 एक्सएम5 250 ग्रॅमचा आहे, अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स 385 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डोक्यावर पाव किलो ठेवायचं की पाव किलोवर एकशे पस्तीस ग्रॅम चढवून द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या मानेवर. हलका हेडफोन घ्यावा, हलका कान ठेवू नये. दुसरी गोष्ट गादीची. कानाभोवतीची ती गुबगुबीत कृत्रिम चामड्याची गादी अशा थंड मुलखात काढली असावी, जिथे माणसाला घाम येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, केसांना खोबरेल. अशा अवस्थेत कानावर गादी चढवली, की आत धान उकडतात ती हांडी तयार होते. माझ्या गादीची साल रोवणीपर्यंत निघायला लागली होती. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, की हा 'नैसर्गिक वापराचा परिणाम' आहे. निसर्ग आमचा, हे त्यांना मान्य दिसतं.

बॅटरीची परीक्षा महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये होते. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि तेराशे किलोमीटरच्या वर चालून राज्याच्या दुसऱ्या टोकाला गोंदियाला थांबते. एक अख्खा दिवस आणि वर काही तास. खोक्यावर 30 तास लिहिलेली बॅटरी कोल्हापूर-गोंदिया पुरली पाहिजे, गाडी वेळेवर असली तर. भाच्याचा हेडफोन पुण्याला चढून तुमसर रोडलाच मेला. मग त्याने तिरोड्यापर्यंत तो तसाच डोक्यावर ठेवला, समोरचे गृहस्थ जमिनीच्या वादाबद्दल बोलत होते म्हणून. बंद हेडफोनचा हा उपयोग माहितीपत्रकात छापत नाहीत.

गोंगाट मारण्याचं कलम महाग असतं, त्याला मिलमध्येच न्यावं. युक्ती जुनी आहे : पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला 1936 सालीच तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने ऐकायचा, त्याच्या बरोबर उलटी लाट आत सोडायची, दोघी एकमेकींना मिटवतात. हेडफोनात ती आणण्याची ओढ लागली अमर बोस यांना, 1978 मध्ये विमानात. वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेला गेलेले, आणि मुलगा विमानाच्या घरघरीपासून निसटायला बघत होता. तर मिल. पट्टे, एलिवेटर, पॉलिशर सगळं एका सुरात घोंगावत असतं. बटण दाबलं आणि पट्टे गेले, एलिवेटर गेला, अंगावर काटा येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत मालकांचा आवाज स्वच्छ : "कालचा हिशेब कुठं आहे?" ही लाट-मोड सलग, जाड आवाजाला चालते. अचानक, तीक्ष्ण, वर चढणाऱ्या आवाजापुढे तिचा इलाज नाही. गेली वीस वर्षं मिलचा गोंगाट मला मालकांपासून फुकट वाचवत होता, तो मी पैसे देऊन बंद केला.

दिवाणजींनी हे बघितलं आणि विचारलं, "मले सांगा, याच्यातून पट्ट्याचा आवाज बंद होते, मंग मालकाचा काऊन नाही होत?" तंत्रज्ञानाच्या कुठल्याही मासिकाने हा प्रश्न अजून विचारलेला नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल फार लिहिणार नाही. भाचा 'एलडॅक' म्हणतो, बिनतारी आवाज पाठवायची एक पद्धत, सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत, साध्या पद्धतीत तीनशेच्या घरात. चांगलंच आहे. पण तो त्यातून ऐकतो काय? मंडईच्या रात्री कोणीतरी मोबाइल वर धरून टिपलेलं झाडीपट्टीचं नाटक. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री दहाच्या पुढे नाटक, ऑर्गन, तबला, भोंगा, आणि पडदा पडेस्तोवर तांबडं फुटतं. तिथे भोंग्याखाली बसून ज्याने नाट्यगीत ऐकलं त्याला आवाज म्हणजे काय ते कळतं : छातीत वाजतो. ते मोबाइलमध्ये गेलं, तिथून यूट्यूबवर गेलं, तिथून परत आलं. पोचट धानाला कितीही भारी मिल लावा, तांदूळ निघत नाही, कोंडाच निघतो. आणि पॉलिशचंही तेच. जास्त पॉलिश मारला की तांदूळ आरशासारखा चकाकतो, चव कोंड्याबरोबर गेलेली असते. काही हेडफोन असेच चकाकतात.

अस्सल आवाज ऐकायचा तर वैनगंगेच्या काठच्या बांध्यांकडे सकाळी जावं. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात. जोडी मान वर करून ओरडते, एकाच्या हाकेत दुसऱ्याची हाक, तुतारी फुंकावी तशी. हेडफोनात 'बाहेरचं ऐका' असं एक बटण असतं. ते दाबून सारस ऐकावा, मग हेडफोन काढून ऐकावा. फरक कळला तर हेडफोन परत करायची मुदत संपायच्या आत गेलात म्हणायचं.

राहिली किंमत. रुपयांत मोजू नये, रुपया फसवतो. एअरपॉड्स मॅक्स भारतात आला तेव्हा 59,900 रुपयांचा होता. 2025-26 च्या खरिपाचा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. भागून बघा : सव्वापंचवीस क्विंटल आणि वर मूठभर. चाळीस किलोच्या कट्ट्यांत साठाच्या वर कट्टे. नांगरणी, पऱ्हे, रोवणी, निंदण, कापणी, चुरणी, गाडीभाडं, केंद्रावरची रांग, आणि त्या रांगेत आलेला अवकाळी पाऊस, हे सगळं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला 385 ग्रॅम. शिवाय तांदूळ जुना झाला की भाव खातो, भात मोकळा होतो. हेडफोनची बॅटरी जुनी झाली की तो बिचारा वायर शोधतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतून निवडून काढलेल्या धानाला एचएमटी हे घड्याळाचं नाव पडलं, कारण तेव्हा त्या घड्याळाचा दबदबा होता. आज नवा वाण काढला तर कोणी त्याला हेडफोनचं नाव देईल असं वाटत नाही. चार वर्षांत वाण टिकेल, नाव बुडेल.

एवढं सगळं तपासून मी निकाल द्यायच्या बेतात होतो : घेऊ नये. तेवढ्यात या दिवाळीच्या तोंडावर नवं धान यायला लागलं. दिवाणजी दोन वर्षांपासून दाणा चावून लगेच बोलत नाहीत, हे मी बघत होतो. चावायचे, थांबायचे, दुसरा चावायचे, आणि मग हळूच मीटरकडे नजर. कान गेले होते. मिलच्या गोंगाटात त्यांना स्वतःच्या दाढेखालचा 'कट्' येत नव्हता, आणि हे ते कोणाला सांगणार नव्हते.

त्या दिवशी माझा हेडफोन टेबलावर पडला होता. "बघू द्या जी," म्हणाले आणि चढवला. गाणं लावलेलं नव्हतं, गोंगाट मारण्याचं बटण तेवढं चालू होतं. सवयीने हात कट्ट्यावर गेला, दाणा तोंडात गेला. आणि दिवाणजी एकदम ताठ झाले. बाहेरची घरघर बंद, कान झाकलेले; झाकल्या कानात स्वतःच्या जबड्याचा आवाज हाडातून येतो तो बाहेर निसटत नाही, आतच दुमदुमतो. कानात बोटं घालून पापड खाऊन बघा. त्यांनी दुसरा दाणा चावला. तिसरा.

"सोळा," म्हणाले. "सोळाच्या थोडा वर."

पोऱ्याने मीटर लावलं. 16.3.

हेडफोन तेव्हापासून त्यांच्याकडे आहे. उसना. गादीची साल निघाली तिथे त्यांनी तागाच्या पोत्याचा तुकडा शिवून घेतलाय. मालकांनी परवा विचारलं, दिवाणजी, गाणी कोणती ऐकता? ते म्हणाले, चूप राहा जी, ऐकू द्या.