विश्वदेवतांच्या दरबारी अर्ज कसा करावा

एखाद्या देवीच्या कानावर आपली अडचण घालावयाची म्हणजे तिच्या गावापर्यंत पायपीट करावी, उपासतापास करावेत, पुजाऱ्याची मर्जी राखावी आणि एवढे करूनही देवीने मौन धरल्यास निमूटपणे परतीची वाट धरावी, असा जो शिरस्ता होता तो आता मागे पडला असून, मिसर, सुमेर, ग्रीस, चीन, आयर्लंड, हवाई आणि उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेश येथील देवी चकचकीत पुठ्ठ्यावर छापून, एका वीतभर पेटीत बसवून, मार्गदर्शनार्थ अष्टौप्रहर हजर ठेवण्याची व्यवस्था मुख्यतः अमेरिकेतील प्रकाशकांनी केलेली आहे. या पत्त्यांना ओरॅकल कार्ड म्हणतात. डोरीन व्हर्च्यू या लेखिकेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संचात असे ४४ पत्ते असून, देवींची भरती करताना जागा शिल्लक राहिल्यामुळे की काय, आर्थर राजाची राणी गिनिव्हिअर हिलाही त्यात देवीपदावर बढती मिळालेली आहे. या दरबारात दाद कशी मागावी याविषयी आपल्या भाषेत शिस्तशीर मार्गदर्शन नसल्याने होतकरू अर्जदारांची जी कुचंबणा होते ती दूर व्हावी, एवढ्याच हेतूने पुढील कलमे लिहिली आहेत.

कलम १ : संचाची निवड

बाजारात टॅरो नावाचा एक जुना संच मिळतो. अर्जदाराने त्याच्या वाटेस जाऊ नये. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदार मंडळी ज्या पत्त्यांनी करमणुकीचा डाव खेळत, त्यांत प्राचीन मिसरी ऋषींचे गूढ ज्ञान दडलेले आहे असे १७८१ साली कूर द जेब्लँ या फ्रेंच पंडिताने जाहीर केले. मिसरची चित्रलिपी शाँपोल्यूँ या अभ्यासकाने उलगडली ती १८२२ साली, म्हणजे त्यानंतर ४१ वर्षांनी. परंतु अध्यात्मात प्रचीती आधी आणि पुरावा मागाहून येत असल्याने या विलंबाबद्दल पंडितास दोष देणे योग्य होणार नाही. टॅरोचा खरा दोष निराळाच आहे. त्याच्या ७८ पत्त्यांत मृत्यू आहे, सैतान आहे, वीज पडून कोसळणारा मनोरा आहे. आणि पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूने आपल्याच बैठकीत बसून आपल्यालाच असे काही सुनवावे, म्हणजे हात दाखवून अवलक्षण! देवींच्या संचाला असला कोणताही कायदा नाही. पत्ते किती असावेत याचे बंधन नाही, कोणते असावेत याचे नाही, आणि अरिष्टाला तर त्यात मुळी थाराच नाही.

कलम २ : स्थळ, काळ आणि शुद्धी

ग्रीसमधील डेल्फीचे देववाणीचे पीठ अपोलो या देवाच्या ताब्यात जाण्यापूर्वी पृथ्वीदेवी गाया हिचे होते असे ग्रीक नाटककार ईस्किलस सांगतो. तेथे प्रश्न विचारण्याचा दिवस महिन्यातून एकदा येई, आणि हिवाळ्याचे तीन महिने दरबार बंदच असे. त्या दिवशीही प्रथम एका बोकडावर थंड पाणी शिंपडीत. तो नखशिखांत थरथरला तरच कामकाज सुरू होई, नाही तर तहकूब. एकदा परदेशच्या वकिलांची गैरसोय होऊ नये म्हणून पुजाऱ्यांनी बोकड थरथरेपर्यंत त्याच्यावर पाणी ओतले, देवाची उत्तरे सांगणाऱ्या नाखूश पुजारिणीला बळेच आत पाठवले, आणि ती घोगऱ्या आवाजात ओरडत बाहेर धावली ती थोड्याच दिवसांत मरण पावली, अशी हकीकत त्याच देवस्थानचा पुजारी असलेल्या प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. आजच्या अर्जदाराला बोकड लागत नाही. पेटीला सेज नावाच्या वनस्पतीची धुरी द्यावी, गठ्ठ्यावर बोटाच्या पेराने टकटक करावे, पौर्णिमेच्या रात्री तो खिडकीत ठेवावा, की शुद्धी झाली. पौर्णिमा श्रावणातील असून चंद्र ढगांआड असल्यास खिडकी मात्र लावून घ्यावी. पुठ्ठा भिजला तर देवी फुगतात.

कलम ३ : प्रश्नाची मांडणी

या कलमात गफलत झाल्यास पुढील सर्व विधी फुकट जातो, म्हणून ते दोनदा वाचावे. ज्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर संभवते तो प्रश्न कदापि विचारू नये. ‘मला ही नोकरी मिळेल काय?’ हा प्रश्न असंस्कृत होय. कारण निवडीची यादी लागली की देवी खरी की खोटी याचा निकाल लागतो, आणि देवीला असे कात्रीत पकडणे सभ्यतेला सोडून आहे. ‘या नोकरीच्या संदर्भात मी कोणती ऊर्जा आत्मसात करावी?’ असे विचारावे. यादीत नाव आले तर ऊर्जा आत्मसात झाली, न आले तर व्हावयाची आहे. लिडियाचा राजा क्रीसस याला हे तंत्र ठाऊक नव्हते. इराणी बादशाहावर चाल करून जाऊ काय, असे त्याने डेल्फीला रोखठोक विचारले. चाल केलीस तर एक मोठे साम्राज्य लयाला जाईल, असे उत्तर आले. आणि त्याप्रमाणे ते गेले, ते त्याचे स्वतःचे होते. ऊर्जेविषयी विचारले असते तरी राज्य गेलेच असते, पण मग तो केवळ आध्यात्मिक संक्रमणाचा काळ ठरला असता.

कलम ४ : देवींचे पूर्वचरित्र

पत्ता हाती आला की त्यावरील चित्र पाहावे, खालची ओळ वाचावी, सोबतच्या पुस्तिकेतील परिच्छेद वाचावा, आणि तेथेच थांबावे. ज्या देशातून ती देवी आली त्या देशातील जुने दप्तर उघडून तिची मूळ कथा वाचण्याचा मोह काही सुशिक्षित अर्जदारांना होतो. तो का आवरावा हे खालील दाखल्यांवरून ध्यानात येईल.

सुमेरची इनन्ना पत्त्यावर आली म्हणजे, जे नको ते सोडून द्यावे आणि अंतर्मुख व्हावे, असा बोध घेण्याची पद्धत आहे. मातीच्या विटांवर कोरलेल्या कथेत ही बाई पाताळात थोरल्या बहिणीच्या राज्यात जावयास निघते, तेव्हा तिला सात दरवाजे लागतात. पहिल्यावर मुकुट काढून घेतात, दुसऱ्यावर गळ्यातील निळ्या लाजवर्दी मण्यांची माळ, आणि असे करीत सातव्यावर अंगावरील राजवस्त्र. दर नाक्यावर ती ‘हे काय?’ म्हणून विचारते आणि दर नाक्यावर नेती नावाचा द्वारपाल, येथील वहिवाट ठरलेली आहे, तिच्याबद्दल ब्र काढावयाचा नाही, अशा अर्थाचे तेच ते उत्तर देतो. आत पोहोचल्यावर तिचे प्रेत होते व ते खुंटीला टांगण्यात येते. पुढे सुटका होते ती बदली इसम हजर करण्याच्या अटीवर. आणि घरी परतल्यावर आपला नवरा दुमुझी शोक करण्याऐवजी उंची वस्त्रे लेवून सिंहासनावर बसलेला पाहून ती त्यालाच यमदूतांच्या स्वाधीन करते. नको ते सोडून देण्याचा सल्ला यातून निघतो हे खरे, पण पत्त्याच्या वीतभर जागेत नवऱ्याचे प्रकरण मावत नाही.

मिसरची सिंहमुखी सेखमेत खंबीर व्हावयास सांगते. माणसांनी बंड केले म्हणून सूर्यदेव रा याने बंदोबस्तासाठी हिला धाडले, तेव्हा ती इतकी खंबीर झाली की मनुष्यजातीपैकी कोणी उरेल अशी आशा राहिली नाही. अखेर सात हजार रांजण बिअर तांबडी रंगवून शेतांतून ओतली, रक्त समजून ती प्याली, आणि झिंगून पडली म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन लिहावयास व वाचावयास कोणी तरी शिल्लक राहिले. त्या कथेत सेखमेत म्हणजे हाथोरचेच उग्र रूप असून, हाथोरचा निराळा, सौम्य पत्ता त्याच पेटीत असतो. दोघी शेजारी शेजारी आल्यास अर्जदाराने घरातील मद्याचा साठा तपासावा.

इनुइट लोकांची सेडना समृद्धी घेऊन येते. एका कथेनुसार वादळात बापाने तिला नावेतून समुद्रात लोटले, तिने नावेची कड धरली, आणि बापाने तिची बोटे छाटली. त्या बोटांचे सील, वालरस आणि देवमासे झाले. तिची मर्जी खप्पा झाली की शिकार मिळेनाशी होते. मग गावातील मांत्रिक समाधी लावून समुद्राच्या तळाशी जातो आणि तिचे गुंतलेले केस विंचरून देतो, कारण ते विंचरावयास तिला बोटे नाहीत. समृद्धीचा हा हिशेब ज्याला सोसवत नसेल त्याने पत्त्यावरील निळ्या लाटांकडेच पाहावे.

हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीच्या पेलेबद्दल तर आजही लोक सावध असतात. तिच्या मुलखातून दगड उचलून नेला की संकटे मागे लागतात अशा समजुतीने दूरदूरचे प्रवासी ते दगड माफीच्या पत्रांसह टपालाने तेथील राष्ट्रीय उद्यानाकडे परत पाठवतात. पेलेचा पत्ता कोणी भिऊन परत पाठवल्याचे मात्र ऐकिवात नाही. आणि दगडापेक्षा पत्ता किती निर्धोक आहे याचे याहून चोख प्रमाणपत्र कोणत्या विक्रेत्याला हवे?

कलम ५ : आपल्या ओळखीच्या देवी

पेटीतून काली, लक्ष्मी किंवा सरस्वती निघाल्यास मराठी अर्जदाराची पंचाईत होते, कारण कलम ४ मध्ये निषिद्ध ठरवलेली माहिती त्याला लहानपणापासूनच असते. त्याने ती तात्पुरती विसरावी. काली येथे जुने संपवून नव्याचा आरंभ करून देते. ते कोणत्या हत्याराने, हे विचारू नये. लक्ष्मी एकटी येते. तिची थोरली बहीण अलक्ष्मी, जिला दिवाळीत सूप वाजवून घराबाहेर घालवण्याची आपल्याकडे चाल आहे, तिची आठवण काढू नये. पटकीच्या साथीत जिला वेशीबाहेर नैवेद्य जाई त्या मरीआईची या दरबारात अद्याप नेमणूक झाल्याचे कळत नाही. सटवाईचीही नाही, आणि ते एका परीने बरेच आहे, कारण जी देवी जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर एकदाच मजकूर लिहून जाते आणि त्यात पुढे खाडाखोड करीत नाही, तिच्यापासून पत्तेवाल्यांच्या धंद्याला मोठाच धोका संभवतो.

कलम ६ : नापसंत पत्ता आल्यास

एवढी खबरदारी घेऊनही पत्त्यावर ‘धीर धरा’ असे काही आले, आणि अर्जदाराला तर आजच संध्याकाळी राजीनामा द्यावयाचा असला, तर निराश होण्याचे कारण नाही. पहिला उपाय असा की, आणखी एक पत्ता खुलाशादाखल ओढावा, आणि त्याचा खुलासा म्हणून तिसरा. मनाजोगता खुलासा हाती येईपर्यंत चौकशी चालू ठेवण्यास कोणतीही मुदत नाही. दुसरा उपाय असा की, पिसताना जो पत्ता हातून निसटून जमिनीवर पडतो तो देवीने आपण होऊन दिलेला खास निरोप मानतात; तेव्हा किंचित सैल हाताने पिसावे. तिसरा उपाय, पत्ता उलटा आला असे ठरवून त्याचा अर्थ फिरवणे, हा पॅरिसच्या एत्तेयाच्या काळापासून रूढ आहे. अठराव्या शतकातील हा पत्तेवाचक आलिएत हे आपले आडनावसुद्धा उलटे लिहून त्याच नावाने प्रसिद्धीस आला, यावरून त्याची या तत्त्वावरील निष्ठा दिसते.

कलम ७ : अपील

सल्ला मानून नुकसान झाल्यास वरच्या दरबारात दाद मागावी असे कोणाच्या मनात येईल, तर त्याला सूचना अशी की, वर उल्लेखिलेल्या ४४ पत्त्यांच्या कर्त्या बाईंनीच २०१७ साली ख्रिस्ती धर्ममार्ग पत्करून आपले पूर्वीचे पत्ते आणि शिकवण जाहीरपणे नाकारली. याचा सुगावा ४४ देवींपैकी एकीलाही आगाऊ लागला होता किंवा कसे, याची नोंद नाही. संच मात्र हातोहाती फिरतच आहेत.

कलम ८ : एक सुधारणा

जेथे देवीला खरोखरच विचारतात तेथील वहिवाट पाहिली म्हणजे या पत्त्यांतील एक उणीव मान्य करावी लागते. हाँगकाँग आणि तैवानमधील देवळांत क्वान यिनसारख्या देवतांपुढे दोन अर्धचंद्राकृती लाकडी ठोकळे टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार, आणि दोन्ही सपाट आल्या तर देवता हसली, तेव्हा प्रश्न घरी नेऊन पुन्हा नीट घासूनपुसून आणावा. आपल्या कोकणात आणि गोव्यात मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून कौल लावतात. गुरव गाऱ्हाणे घालतो, जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात, आणि मग सर्वांचे डोळे मूर्तीकडे लागतात. उजवी पाकळी पडली तर काम करावे, डावी पडली तर सोडावे, आणि एकही पडली नाही तर सरपंचापासून पोरासोरांपर्यंत सर्वांनी तसेच बसून राहावे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांग सांगत नाही; देवीचा कौल होईपर्यंत मुंबईच्या चाकरमान्याला रजेचा अर्जसुद्धा लिहिता येत नाही. अर्जदाराच्या सोयीकडे इतके दुर्लक्ष करणारी देवी पेटीत घालून विकणे कोणत्याही प्रकाशकाला परवडणार नाही, हे उघड आहे.

तथापि ज्याला ही उणीव भरून काढावयाची असेल त्याने एक पोस्टकार्ड घेऊन पत्त्याच्या मापाने कापावे, त्यावर स्वच्छ अक्षरात ‘अर्ज नामंजूर’ असे लिहावे आणि ते बाकीच्या पत्त्यांत मिसळून द्यावे. सराईत अर्जदार ते हाती येताच छपाईतील चूक म्हणून बाजूला सारतील आणि कलम ६ अन्वये दुसरा पत्ता ओढतील; त्यांच्याशी हुज्जत घालू नये. एखादा मात्र ते वाचून पेटी मिटवील, आणि ज्या कामाविषयी देवीला विचारावयाचे होते त्या कामाला उठून लागेल. त्याचे प्रकरण निकालात निघाले असे समजून दप्तरी दाखल करावे.