उताराची तडजोड

ज्या भूमीवर इमारती उभ्या राहावयाच्या तिचे चढउतार इमारतींचा बेत करण्यापूर्वी जाणून घ्यावेत, असा एक भाबडा समज अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांतून अद्यापि टिकून आहे. परंतु पुण्याच्या आसमंतात विकासाची चार कामे ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांस ठाऊक असते की प्रथम गुळगुळीत कागदावर माहितीपुस्तिका छापावी, मग सुमुहूर्त पाहून नारळ फोडावा, ओळखीच्या गिऱ्हाइकांकडून 'टोकन' या सोज्ज्वळ नावाखाली काही रकमा पदरात पाडून घ्याव्यात, आणि समोच्च रेषांचा नकाशा कोठे आहे, असा खवचट सवाल मंजुरी देणाऱ्या कचेरीतून आल्यावरच सर्वेक्षकाला फोन लावावा.

सर्वेक्षकास मिळणारा कार्यादेश वाचनीय असतो. मोजणीचे बिंदू किती अंतरावर घ्यावेत, समोच्च रेषा अर्ध्या मीटरच्या हव्यात की दोन मीटरच्या, उंची समुद्रसपाटीपासून धरावी की कसे, याविषयी त्यात अवाक्षर नसते. दर व मुदत मात्र ठळक अक्षरांत. मग सर्वेक्षकही फाटकाचा दगडी खांब निवडून त्याच्या माथ्याची उंची १०० मीटर मानतो आणि कामास लागतो. पुढे सिमेंटच्या ट्रकने तो खांबच आडवा केला, म्हणजे प्रकल्पाची समुद्रसपाटीही त्याबरोबर दिवंगत होते.

खरी मेख उतारात आहे. पाच मीटर आडवे अंतर जाताना एक मीटर किंवा अधिक चढावे लागले, तर ती जमीन डोंगरउतार ठरून बांधकामास वर्ज्य होते, असा नियम असल्यामुळे मोजणीचे प्रयोजन उतार शोधणे हे नसून उताराशी तडजोड करणे हे असते, व ती तडजोड पाहावयाची तर प्रत्यक्ष जागेवरच गेले पाहिजे. तिपाईवर टोटल स्टेशन हे मोजणीयंत्र मांडलेले असते, प्रिझमची काठी घेतलेला पोरगा घाणेरीची झुडपे बाजूस सारीत ओढ्याच्या काठापर्यंत येतो व खाली उतरू लागतो, तोच मालकांचा माणूस छत्रीखालून ओरडतो, "अरे, तिकडं नको जाऊस, साप आहेत! पलीकडच्या काठावर धर की." पोरगा वळसा घालून पलीकडे जातो. संध्याकाळी दोन्ही काठांचे बिंदू संगणकात शिरतात, आणि मधे काही आहे हे कोणी न सांगितल्यामुळे तो बिचारा त्यांच्यामधून सरळ, सौम्य पृष्ठभाग आखतो. मुरमाची एक पाटीही न टाकता ओढा बुजला! साप होते की नव्हते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

ही विद्या आजची नव्हे. १८२७-२८च्या सुमारास कंपनी सरकारच्या प्रिंगलसाहेबाने पुणे प्रांतात निव्वळ उत्पन्नाच्या अर्थशास्त्रीय सिद्धांतावर शेतांची मोजणी व प्रतवारी आरंभिली, तेव्हा हाताखालच्या अंमलदारांनी लाच घेऊन तिचा असा काही विचका केला की सारा जमिनीशी जुळेना, रयतेने शेते टाकून दिली, आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांना इंदापुरात सारे पुन्हा मोजावे लागले. भेद इतकाच की त्या काळी जमीन आहे त्याहून वाईट दिसावी यासाठी हात ओले करावे लागत, आणि आता ती आहे त्याहून गुणी दिसावी यासाठी.

अर्थात प्रत्येक जमीन कागदावर वठणीवर येतेच असे नाही. अशा वेळी समर्थ यंत्रणा नकाशा दुरुस्त करण्याची तसदी न घेता जमीनच दुरुस्त करते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापून काढली आणि उलवे नदीस दुसरीकडून जाण्यास फर्मावले. तेथील मोजणी निदान प्रामाणिक होती, कारण किती कापावयाचे हे कंत्राटदारास खरेच कळावे लागते. प्रामाणिकपणाला घनमीटरच्या दराइतके दुसरे पोषक खाद्य आम्ही पाहिलेले नाही.

मध्यम ऐपतीच्या विकासकास मात्र ओढा कागदावरच बुजवावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याने अरण्येश्वर परिसरातील वस्त्यांत शिरून माणसे नेली, त्यानंतर चौकशीच्या व उपायांच्या घोषणा यथासांग झाल्या. परंतु घोषणांनी काठावरची घाणेरी हटत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात संकुलाच्या तळघरात मोटारी तरंगू लागतात, पाण्याने मंजूर नकाशाचा भंग केल्याची तक्रार रहिवाशांची संस्था लेखी नोंदविते, आणि फेरमोजणीसाठी त्याच अनुभवी सर्वेक्षकाकडून दरपत्रक मागविले जाते. ते तो तत्परतेने पाठवितो. रक्कम पूर्वीच्या दुप्पट असते, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक टीप : ओढ्याच्या पात्रातील बिंदू घ्यावयाचे असल्यास आकार वेगळा पडेल.