मोटारीत स्वहस्ते डेक बसविणारा गृहस्थ

पणजीत नोकरी आणि पेडणे किंवा डिचोली तालुक्यात घर असलेल्या, रोज स्वतःच्या मोटारीने ये-जा करणाऱ्या पुरुषवर्गात एक पोटजात आढळते. मोटारीतला डेक, म्हणजे रेडिओ आणि ब्लूटूथ एकाच पेटीत सामावणारे यंत्र, ही व्यक्ती दुकानातून विकत घेते, परंतु दुकानाच्या कारागिराला मोटारीला हात लावू देत नाही. मजुरी वाचते, असे कारण घरात सांगितले जाते. आणि त्यासाठी आणलेल्या मल्टिमीटरची, म्हणजे विजेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाची, किंमत त्या मजुरीहून अधिक आहे हे घरातल्यांना दिसत असूनही कोणी ते बोलून दाखवीत नाही.

डेकची उंची ‘डिन’ या मापात सांगतात. हे नाव जर्मनीच्या मानक संस्थेवरून आलेले असून एक डिन म्हणजे 180 मिलिमीटर रुंद व 50 मिलिमीटर उंच खाच, तर दोन डिन म्हणजे दुप्पट उंचीची. हा गृहस्थ दोन डिनचा डेक घेतो आणि मग मोटारीतली खाच त्या मापाची नाही, असे उघडकीस आल्यावर दोष मोटार बनविणाऱ्यांना देऊन हॅक्सॉ ब्लेड हाती घेतो.

खरे नाट्य मात्र तारांपाशी घडते. डेकच्या पाठीमागील पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली असावी लागते, कारण घड्याळ आणि निवडलेली केंद्रे तिच्यामुळे डेकच्या स्मरणात राहतात. तांबडीत चावी फिरविल्यावरच वीज यावी लागते. आणि काळी ही अर्थिंगची, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला बांधायची. मोटारीच्या बाजूचे रंग निराळे असल्याने दोन्हींना जुळवून घेणारा तयार कपलर बाजारात मिळतो, परंतु तो वापरणे या गृहस्थाला परीक्षेत गाईड उघडण्यासारखे वाटते, म्हणून तो मूळ कपलर कापून तारा पिळतो आणि काळ्या टेपने गुंडाळतो. पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली की चावी काढताच डेक सारे विसरतो. तेव्हा ‘यंत्र नवीन आहे, सवय होईल’, असे कुटुंबाला समजावले जाते. दोन्ही तारा थेट बॅटरीला गेल्या, तर डेक सदोदित जागा राहून बॅटरी उतरवतो आणि सोमवारी सकाळी गृहस्थ कदंबच्या बसमध्ये, तेही उभा, दिसतो. या कामी पत्नीला चालकाच्या आसनावर बसवून चावी फिरविण्यास सांगण्याची प्रथा आहे. डॅशबोर्डखाली उताणे पडलेल्या पतीच्या प्रत्येक ‘आता?’ला तिचे ‘ना’ हे एकच उत्तर असते.

डिचोलीच्या प्रकाराला खाणींचा वारसा लाभला आहे. खनिजवाहू ट्रकांची वीजव्यवस्था 24 व्होल्टची असते, साध्या मोटारीची 12 व्होल्टची. त्यामुळे 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रकांकडून मोटारींकडे वळलेला हा मनुष्य मोटारीतल्या विजेला फारसे मोजत नाही, आणि तार सांगाड्याला घासून ठिणगी उडाली की तपासणी झाली, असे मानतो. फ्यूज ज्या कारणासाठी असतो ते कारण त्याच्या समोरच घडते, पण त्याचा राग फ्यूजवर निघतो.

पेडण्याचा प्रकार अधिक रसिक. भजन आणि दशावतार यांवर कान तयार झाल्यामुळे तो डेकची परीक्षा पखवाज व पेटी वेगवेगळी ऐकू येतात की नाही यावर करतो, आणि खालचा नाद भरावा म्हणून डिकीत वूफर, म्हणजे केवळ खर्जाचा भोंगा, ठेवतो. चवथीला ही मोटार दारे उघडून अंगणात उभी केली जाते. आत आरतीला घुमट सुरू होते. मातीच्या मडक्याला चामडे ताणून बनविलेले आणि 2019 पासून राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता पावलेले हे वाद्य बॅटरीवाचून जो नाद देते, तो ऐकून गृहस्थ बाहेर येतो आणि वूफरचा आवाज दोन अंकांनी वाढवतो. शेजारचा पोर तेवढ्यात येऊन तो पूर्णच बंद करतो.

एवढ्या साधनसामग्रीतून रोज ऐकले जाते ते बहुधा 105.4 मेगाहर्ट्झवरील आकाशवाणी पणजी, जिचे मूळ 1946 च्या पोर्तुगीजकालीन ‘एमिसोरा द गोवा’मध्ये आहे, आणि निवेदकाचा आवाज एका साध्या कागदी स्पीकरमधूनही तितकाच स्पष्ट येतो. शिवाय त्या आवाजामागे एक बारीक शिट्टी असते. आल्टर्नेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, आणि ढिली अर्थिंग यांच्या संयोगातून ती उत्पन्न होते व इंजिनाचा वेग वाढेल तशी चढत जाते. अर्थिंग रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बांधली की ती बहुधा जाते. परंतु त्यासाठी डॅशबोर्ड पुन्हा उघडावा लागेल आणि पत्नी आता चावी फिरवायला तयार नाही. पर्वरीकडून येताना अटल सेतूवर मोटार वेग घेते, शिट्टी वरच्या पट्टीत जाते, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलेच, तर गृहस्थ काच थोडी खाली करून मांडवीवर आज वारा फार आहे, असे सांगतो.