मानगूट धरली, पुढे काय?
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कल्पनारम्य खेळाच्या २०१४च्या नियमांनुसार शत्रूची, समजा एखाद्या गॉब्लिन राक्षसाची, मानगूट पकडली, की त्याचा वेग शून्य होतो. बस्स. तलवार तो पूर्वीसारखीच फिरवतो, आणि त्याच्यावर वार करणाऱ्या तुमच्या मित्राला कवडीची सवलत नाही. सवलत हवी तर आधी त्याला आडवा पाडा; वेगच नसल्याने बिचारा उठू शकत नाही. मग जवळून वार सोपा, लांबून बाण मात्र अवघड!

२००३च्या आवृत्तीत अशा झोंबाझोंबीत सोडलेला बाण कुणाला लागणार, हे फासा ठरवायचा. (तरीही बाण सोडणारे मित्र असायचेच.) आता बाण शहाणा झालाय, मिठीतला शत्रू अचूक ओळखतो. २०२४च्या नियमांत गॉब्लिनलाही थोडी अडचण मंजूर झाली: पकडणाऱ्याला सोडून दुसऱ्यावर वार केला, तर फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. पकडणाऱ्यावर मात्र खुशाल, बिनदिक्कत.