शास्त्रीय कारणे लिहा

महाराष्ट्रात दहावी झालेल्या कुठल्याही माणसाला मध्यरात्री उठवून विचारा, मडक्यातलं पाणी गार का राहतं? तो डोळेही न उघडता सांगेल : मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं, त्याचं बाष्पीभवन होतं, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून. एवढं बोलून तो कूस बदलेल. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न आपल्याकडे आरत्यांच्याच पंगतीतला. फक्त त्याला चाल लावायची तेवढी राहून गेली आहे.

उत्तर अर्थात बरोबर आहे. पंचाईत एवढीच, की ते नागपुरात आणि रत्नागिरीत अगदी एकसारखं लिहिलं जातं आणि मडकं मात्र दोन्हीकडे एकसारखं वागत नाही. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ते पाण्याला असं गार करतं की दातांतून कळ जावी. कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि त्याच मडक्याचा उत्साह निम्म्यावर येतो. आता रत्नागिरीच्या एखाद्या मुलीने पेपरात लिहिलं, की आमच्या मडक्यातलं पाणी फारसं गार होत नाही, तर तिचे गुण जातील. खरं तर वर्गात निरीक्षण करणारी ती एकटीच.

रुळांचंही तसंच. रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात, हे कारण आमच्या पिढीने इतक्यांदा लिहिलं, की उन्हाळ्यात रुळांऐवजी आम्हीच प्रसरण पावू लागलो होतो. पुढे रेल्वेने रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब अखंड केले. ते स्लीपरांना इतके घट्ट जखडलेले असतात, की त्यांची वाढण्याची धडपड आतल्या आत ताण म्हणून दाबून धरली जाते. गाडीची ती जुनी खडखड त्यामुळेच बरीचशी गेली. रुळांतली फट बुजली, पण आमच्या डोक्यातली तशीच राहिली. फलाटावर उभं राहून खाली बघा, असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

बघायची सोय शाळेत नसते असं नाही. ती कपाटात असते. प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या कपाटाला कुलूप असतं, किल्ली एका सरांकडे असते आणि सर रजेवर असतात. आत भिंगं, लोलक, चुंबक, परीक्षानळ्या ओळीने उभ्या. त्यांची नोंद ज्या वहीत असते तिचं नाव जडसंग्रह नोंदवही. वर्षअखेरीला वहीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. फुटलेल्या नळीचा खुलासा लेखी द्यावा लागतो. न वापरलेल्या नळीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. अशा कारभारात शहाणा माणूस कपाट बंदच ठेवणार. त्यात शिक्षकाला दोष देववत नाही. पस्तीस मिनिटांची तासिका, वर्गात साठ-सत्तर डोकी, शिवाय निवडणूक आणि सर्वेक्षणांची कामं. न्यूटनलासुद्धा एवढ्यात सफरचंद हातात घ्यायला सवड मिळाली नसती.

तरीही एकदा ते कपाट उघडून त्यातलं एकच बहिर्गोल भिंग काढावं. खिडकीसमोरच्या भिंतीपासून ते वीतभर अंतरावर धरावं आणि हळूहळू पुढेमागे करावं. एका जागी बाहेरचं झाड, पानांच्या हिरव्या रंगासकट, भिंतीवर उलटं उमटतं. त्याच वेळी पटांगणातून मुख्याध्यापक गेले तर तेही डोकं खाली, पाय वर असे चालताना दिसतात. वर्गात जो हशा उठेल त्याची भीती बाळगू नये. त्यानंतर भिंग आणि भिंत यांतलं अंतर मोजा म्हटलं, की नाभीय अंतर जन्मात कुणी विसरणार नाही.

असं शिकवणं जमतं, हे आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाने करून दाखवलं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणं मांडायची, त्यांवर भांडायचं आणि मग निष्कर्ष काढायचा. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात सापडणारच नव्हतं. मुलांना पडलेले प्रश्न पत्राने पाठवायला ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक गृहस्थ होता, आणि मुलांना उत्तरं येत. पुण्यात टेल्कोत काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी बनवली. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. त्याची कारणे लिहायला सांगितली तर ती शास्त्रीय असतील असं वाटत नाही.

निसर्गही आपल्या शाळांशी जरा फटकूनच वागतो. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ताठ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मेच्या मध्याला, म्हणजे ऐन सुट्टीत. दुसरा जुलैच्या शेवटी, म्हणजे ढगांत. तारखा ठरवताना शिक्षण खात्याला विचारलेलं दिसत नाही. पण त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. प्रत्येक शाळेत ध्वजस्तंभ असतो आणि पावसाळा सोडला तर ऊन फुकट असतं. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराला पडेल, असं सगळी मुलं पैजेवर सांगतील. पुण्यात ती पडते साडेबाराच्या पुढेमागे. घड्याळ खोटं की सूर्य? या भांडणातून ८२.५ अंश रेखावृत्त, भारतीय प्रमाणवेळ आणि पृथ्वीचं फिरणं, असा सगळा भूगोल-भौतिकीचा गोतावळा आपल्या पायांनी वर्गात येतो. खर्च म्हणाल तर एक खडू.

मात्र जर्नलची एक जुनी खोड मोडल्याशिवाय यातलं काही रुजणार नाही. आपल्याकडे निष्कर्ष आधी ठरतो आणि रीडिंगं त्याला शोभतील अशी मागाहून जन्माला येतात. लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचा ‘जी’, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८ येतो. दोरी कुणाची आखूड मोजली गेली, आंदोलनं मोजताना कुणाची एक गाळली, कुणाचं घड्याळ उशिरा दाबलं गेलं, तरी उत्तर ९.८च. पृथ्वीलासुद्धा इतकी शिस्त नाही. तिचा ‘जी’ विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. ज्या मुलाचं उत्तर ९.३ आलं आणि ज्याने ते न खोडता खाली लिहिलं, की मी दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती, त्याला भौतिकशास्त्र कळू लागलं आहे. आज त्यालाच लाल शेरा मिळतो.

तेव्हा विज्ञानाच्या सरांना आणि बाईंना एवढीच विनंती. नवा अभ्यासक्रम, नवी इमारत, भिंतीवरचा स्मार्ट बोर्ड यायचा तेव्हा येईल. या आठवड्यात किल्ली मागून घ्या आणि कपाट उघडा. एखादी नळी फुटली तर खुशाल फुटू द्या, नोंदवहीत ‘वापरताना फुटली’ असं अभिमानाने लिहा. आणि जर्नल तपासताना ज्याचं रीडिंग चारचौघांहून वेगळं आलं आहे, त्याला आधी जवळ बोलावून विचारा, हे कसं आलं? त्याला सांगता आलं, तर पैकीच्या पैकी गुण द्या.