उपासाला चालणारा चमचा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला नवरात्रात देवीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. रांगच त्याच्या घरी येते. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव बघायला बदलापूरपासून मुलुंडपर्यंतचे आमचे यच्चयावत नातेवाईक येतात आणि दर्शन झालं की "आलोच आहोत तर" म्हणत जिना चढतात. देवीला ओटी मिळते, आम्हाला खरकटी भांडी.

गेल्या वर्षी हिने जाहीर केलं, "यंदा ताटं मी घासणार नाही." मग जबाबदारी माझ्यावर आली. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तेव्हा सोसायटीत पाऊण तास भाषण ठोकणारा माणूस मीच. जांभळी नाक्यावर जाऊन मी ऐटीत 'बायोडिग्रेडेबल' ताटल्या मागितल्या. दुकानदाराने शंभर ताटल्या दिल्या आणि वर मक्यापासून केलेले शंभर पारदर्शक चमचे. "हे तर कंपोस्टेबल आहेत साहेब." दोन्ही शब्द लांबलचक, म्हणजे अर्थ एकच असणार, असा माझा हिशेब.

अष्टमीला शहापूरची मावशी आली. पानात वऱ्याचे तांदूळ आणि उकळती दाण्याची आमटी. मी चमचा उंचावून म्हणालो, "मावशी, हा मक्याचा!"

मावशीचा हात थांबला. "अरे, मका धान्य ना रे? उपासाला चालतो का?"

या मुद्द्यावर दोन काका आणि एक आत्या यांच्यात वाद सुरू असतानाच चमच्याने निकाल दिला. आमटीत शिरताच त्याने मान टाकली. मक्याच्या स्टार्चपासून होणारं हे पीएलए नावाचं प्लॅस्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. शेवटी सगळे हाताने जेवले. मावशीने पिशवीतून पळसाच्या पत्रावळी काढल्या आणि स्वतःपुरतं पान मांडलं.

मी हार मानली नाही. ताटल्या, चमचे, पत्रावळी असं सगळं गॅलरीतल्या खताच्या ड्रममध्ये कोंबलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "बघा, सगळ्याची माती होईल."

अक्षय्य तृतीयेला साक्षीदारांसमोर ड्रम उपसला. पत्रावळीचा मागमूस नव्हता. ताटल्यांचा कागद कुजला होता, पण त्यावरचे प्लॅस्टिकचे पापुद्रे जसेच्या तसे. चमचे तर धुऊन पुन्हा वाढायला घ्यावेत असे. शेजाऱ्यांनी विचारलं, "माती कशाची झाली म्हणालात?"

मग मी वाचायला बसलो. भाषणाआधी वाचायचं असतं, हे तेव्हा कळलं. बायोडिग्रेडेबल म्हणजे सूक्ष्मजीव कधीतरी खातील. 'कधीतरी' म्हणजे केव्हा, हे त्या शब्दात नाही. कंपोस्टेबलला मुदत असते. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाच्या चाचणीत १८० दिवसांच्या आत त्यातला ९० टक्के कार्बन वायूरूप व्हावा लागतो. पण ही चाचणी सुमारे ५८ अंशांवर, मोठ्या खत प्रकल्पातल्यासारख्या उष्णतेत होते. माझ्या ड्रममध्ये एवढी ऊब फक्त माझ्या भाषणाची होती. आणि प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्यांवर तर राज्यात २०२२ पासूनच बंदी आहे. म्हणजे पर्यावरण वाचवताना मी बंदी असलेला माल पैसे मोजून घरी आणला होता.

तेव्हा ताटली घेताना नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका. कंपोस्टेबल प्लॅस्टिक म्हणत असतील, तर मानकाचा क्रमांक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र बघा. तेही असलं तरी तो माल खत प्रकल्पापर्यंत कोण नेणार, हे आधी ठरवा. नाहीतर सरळ पत्रावळ घ्या.

यंदा आमच्याकडे स्टीलची ताटं आहेत. ती कुजत नाहीत आणि कुजतो म्हणून सांगतही नाहीत. देवीला आलात की घरी अवश्य या. फक्त आपलं ताट आपण घासायचं.