दोन सीटांचा बाप

दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार घेतलेला माणूस बाप झाला की भोवतालच्या सगळ्यांना हसू फुटतं. सासुरवाडी त्यात आघाडीवर असते, मागोमाग ऑफिसातले मित्र, आणि शेवटी ती गाडी विकणारा डीलरही. आता हा सात सीटांची गाडी बघायला येणार, हे त्याला बाळाच्या आजीच्याही आधी कळलेलं असतं. मला मात्र या माणसाला हसण्यावारी नेणं अन्यायाचं वाटतं. मुलाची सीट गाडीत नीट बसवणं या विषयात जर कोणी खरा अभ्यासू बाप असेल तर तो हाच, असं माझं म्हणणं आहे. त्याच्या अंगी काही विशेष सद्गुण असतात अशातला भाग नाही. त्याच्या गाडीला मागची सीट नसते, एवढंच.

हा नमुना मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेत मुबलक सापडतो आणि त्याची ठरलेली गाडी म्हणजे माझ्दाची मियाटा. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि २०१६ साली कारखान्यातून दहा लाखावी बाहेर पडली. म्हणजे दहा लाख वेळा कोणीतरी मनाशी ठरवलं की आपल्याला दोनच सीटा पुरेत. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेले आपले मराठी इंजिनिअरही त्यात आले. शिकायला गेला तेव्हा चौघांत एक खोली आणि एका कुकरात दोन दिवसांची खिचडी, असे दिवस काढलेले असतात. त्या काटकसरीचा सूड म्हणून पहिल्या बऱ्या नोकरीत हा लाल, बुटकी, उघड्या टपाची गाडी घेतो, आणि तीही बहुधा जुन्या बाजारातून. तो तिला गाडी म्हणत नाही, रोडस्टर म्हणतो. चाकांच्या आऱ्या तो दात घासायच्या ब्रशने साफ करतो. पुण्याहून वडील फोनवर विचारतात, "मागे किती जण बसतात रे?" इथे नेमकी लाइन खराब होते. लग्नानंतरही काही अडत नाही. उलट दोन माणसांना दोन सीटा हे गणित इतकं चोख बसतं की त्याला त्यात विधिलिखित दिसू लागतं. आपल्या सरकारने लाल त्रिकोणाच्या जोडीला निदान दोन मुलांचे चेहरे तरी काढले होते. माझ्दाचं कुटुंबनियोजन त्याहून कडक.

मग तिसरा जीव येतो. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत लहान मुलाला गाडीतून न्यायचं तर त्याची वेगळी सीट लागते, त्यामुळे प्रश्न इस्पितळाच्या दारातच उभा राहतो. साधारण बाप या वेळी काय करतो? मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर ती टोपली ठेवतो, पट्टा ओवतो, गुडघ्याने एकदा दाबतो आणि "बसली" म्हणून जाहीर करतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने अशा बसलेल्या सीटा प्रत्यक्ष तपासल्या तेव्हा ४६ टक्के सीटांच्या वापरात काही ना काही चूक निघाली. निम्म्याला चार कमी. हे बाप मुलांवर प्रेम न करणारे होते असं कोणी म्हणणार नाही. त्यांना मागच्या सीटने सांभाळून घेतलेलं होतं. तिथे जागा ऐसपैस असते, डॅशबोर्ड आणि त्यातली एअरबॅग लांब असते, आणि चुकीची बसवलेली सीटही लांबून बसल्यासारखी दिसते. वर्गात मागच्या बाकावर बसून वही चाळणाऱ्या मुलासारखा हा बाप कधी पकडलाच जात नाही.

दोन सीटांच्या बापाला हे लाड नाहीत. त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी एअरबॅग येऊन उभी राहते, आणि इथे हसणं थांबवून नीट ऐकावं असा भाग आहे. तान्ह्या बाळाला गाडीत मागे तोंड करून बसवतात. कारण सोपं आहे: बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि मान फार कोवळी. गाडी समोरून आदळली तर धक्का एकट्या मानेवर न येता पाठ, मान, डोकं यांच्यावर सारखा वाटला जावा. ही कल्पना साठच्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांनी मांडली. पाठीवर रेलून अवकाशात जाणाऱ्या अंतराळवीरांच्या आसनांवरून त्यांना ती सुचली होती. पण बाळाचं तोंड मागे केलं की त्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते, आणि डॅशबोर्डात मोठ्या माणसाला वाचवण्यासाठी घडी करून ठेवलेली एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते. ती थेट त्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अशी मुलं दगावली. एरवी नुसत्या पोच्यावर निभावलं असतं अशा धडकांतही दगावली. म्हणून समोरची एअरबॅग चालू असेल तर तिथे मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवायची नाही. या नियमाला अपवाद नाही. "जवळच तर जायचंय" हाही अपवाद नाही.

यावर अमेरिकन सरकारने १९९५ साली काढलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. ज्या गाड्यांना मागची सीटच नाही, किंवा आहे पण तिथे बाळाची सीट मावत नाही, त्यांना समोरची एअरबॅग बंद करायचं बटण बसवायला परवानगी मिळाली. त्यामुळे दोन सीटांचा पिकअप चालवणारा प्लंबर आणि दोन सीटांची रोडस्टर मिरवणारा आमचा इंजिनिअर एकाच कलमाखाली आले. कायद्याच्या नजरेत दोघांची अडचण एकच होती. दुसऱ्या पिढीच्या मियाटात हे बटण किल्लीने फिरवायचं होतं. पुढच्या काळात अनेक गाड्यांत सीटखालीच वजन ओळखणारी यंत्रणा आली. ती हलकं वजन बघून एअरबॅग आपोआप बंद करते आणि डॅशबोर्डवर तसा दिवा लावते. पण जड सीट आणि बाळसेदार मूल यांची बेरीज करून ती कधी फसूही शकते, म्हणून दिवा बघायचा तो बघायचाच. मर्सिडीजने आणखी एक युक्ती केली होती: बाळाच्या सीटमध्ये एक खूण पेरायची आणि गाडीने ती ओळखून एअरबॅग मिटवायची. मात्र गाडी ओळखणार ती त्या खुणेचीच सीट, दुकानातली दुसरी कुठलीही नाही. मोठ्या घरच्या सोयरिकीसारखंच हे. आमचा बाप हे सगळं वाचतो. ग्लव्ह बॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडलेलं गाडीचं मॅन्युअल तो पहिल्यांदा उघडतो, मग सीटचं उघडतो, आणि दोन्हींत मेळ बसेना म्हणून पुन्हा पहिलं उघडतो. आमच्या पिढीत इतकं बारीक वाचन फक्त पत्रिकेचं व्हायचं.

आता प्रत्यक्ष बसवणं. स्पोर्ट्‌स कारची सीट वळणावर माणूस घसरू नये म्हणून दोन्ही कडांना फुगवलेली असते. त्या खोलगट वाडग्यात बाळाच्या सीटचा सपाट तळ नीट टेकत नाही, कडांवर अधांतरी राहतो. तळाखालून गाडीच्या जमिनीवर टेकणारा पाय असलेली सीट घेतली तर तो पाय उतरत्या जमिनीवर कुठे टेकवायचा हा प्रश्न. वरचा पट्टा अडकवायचा तर उघड्या टपाच्या गाडीत त्याला कडी असेलच असं नाही. तान्ह्यासाठी सीट बरोबर तिरकी हवी, नाहीतर झोपेत बाळाची मान पुढे पडून श्वासाला अडथळा येतो. आणि तिरकी करावी तर डॅशबोर्ड आडवा येतो. सीटच्या कंपनीने चालतं म्हटलं असेल तर अमेरिकन बाप हा कोन साधायला तळाखाली पोहण्याच्या तलावातली फोमची नळी कापून घालतात. तीही आमचा माणूस आणतो, कोनमापकाने मोजून कापतो आणि उरलेल्या तुकड्याचं काय करायचं या विवंचनेत पडतो. मग पट्ट्याजवळ सीट धरून हलवून बघायची: इंचभराहून जास्त हलली तर बसली नाही. खांद्याचा पट्टा चिमटीत धरून बघायचा: चिमटीत आला तर सैल आहे. आत गुबगुबीत थंडीचं जाकीट नको, धक्क्यात ते चेपतं आणि पट्टा सैल पडतो. मूल मोठं होऊन पुढे तोंड करून बसू लागलं की गाडीची सीट मागच्या टोकापर्यंत सरकवायची. एवढं करून आमचा बाप, अमेरिकेतल्या कित्येक गावांत लोक जातात तसा, अग्निशमन केंद्रात जातो, तिथल्या प्रशिक्षित माणसाला आपली कामगिरी तपासायला लावतो आणि दहावीच्या निकालाला उभं राहावं तसा बाजूला उभा राहतो.

आक्षेप अर्थातच येतात. पहिला बाळंतपणासाठी आलेल्या आजीचा: "एवढं कशाला रे, मी मांडीवर घेऊन बसते की." आजीच्या मांडीबद्दल आदर ठेवूनच उत्तर द्यावं लागतं. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचं बाळ क्षणभर सुमारे दोनशे किलोंचं होतं. म्हणजे भरलेले सहा-सात गॅस सिलिंडर. ते आजी हातात धरू शकत नाही, आणि तिच्या जागी पहिलवान बसवला तरी तोही नाही. दुसरा आक्षेप आजोबांचा: "आम्ही तुम्हा दोघांना स्कूटरवरून शाळेत नेलं, एक पुढे उभा, एक मागे." नेलं, खरं आहे. पण त्यात कौशल्य किती आणि नशीब किती याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि ज्यांचं नशीब आटोपलं ते आज असा युक्तिवाद करायला येत नाहीत. भारत सरकारनेही २०२२ साली नियम काढला: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर बांधायचा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या आत हवा.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेरा वर्षांखालच्या मुलाची जागा मागच्या सीटवर. मग समोर कितीही नीट बसवलं तरी ते दुय्यमच, आणि जिथे एअरबॅग खात्रीने बंद होत नाही तिथे तान्ह्याला न्यायचंच नाही. हे मला मान्य आहे, आणि मौज अशी की या बापालाही मान्य असतं. दाराबाहेर बायकोची चार दारांची टोयोटा उभी असते. मग हा खटाटोप कशासाठी? मला वाटतं, मुलाला नेण्यासाठी गाडी हवी असं हे प्रकरण नाही, गाडी राखण्यासाठी मूल हवं असं आहे. एकदा का बाळाची सीट त्यात कायदेशीर बसली, की 'विकून टाक' म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं: ही आता कुटुंबाची गाडी. आठवड्यातून एकदा, निवांत रस्त्याने, पाळणाघरापर्यंत. १३० लिटरच्या डिकीत बाबागाडी मावत नाही हे तो कोणाला सांगत नाही.

त्याच्या स्वार्थाचं हे सोंग मी माफ करतो, कारण त्याची शिकवणी फुकट जात नाही. एक दिवस तो बायकोच्या टोयोटात डोकावतो, मागे बसवलेली बाळाची सीट पट्ट्याजवळ धरून हलवतो आणि ती चार बोटं हलते. आजोबांनी ती हौसेने बसवलेली असते. ४६ टक्क्यांतली एक सीट अशी दुरुस्त होते. एकाच गोष्टीची त्याला वारंवार आठवण करून द्यावी लागते: बाळाची सीट काढून बायको शेजारी बसली, की एअरबॅगची किल्ली पुन्हा 'चालू'कडे फिरवायची असते.